शब्दचर्चा : गाडी ‘लागणे’

मे महिन्यात पुण्याहून चिपळूणला जायचं म्हणजे काकांची ट्रॅक्स, मागच्या समोरासमोरच्या बाकांवर आम्ही सात पोरं आणि त्यांत गाडी लागणारा मी एकटाच. कात्रज, खंबाटकी कसेबसे निभायचे. उंब्रजला वळून पाटण मागे पडलं, कोयनानगर आलं, की आई काही न बोलता पिशवी पुढे करायची. “घाट लागला!” अशी आरोळी चुलतभाऊ ठोकायचा आणि कुंभार्लीच्या दोन वळणांत “ह्याला लागली!” हेही तोच जाहीर करायचा.

परवा मुलीने विचारलं, गाडी ‘लागते’ म्हणजे ती नक्की काय करते?

दगड लागतो तशी ती नक्कीच लागत नाही. मला वाटतं, हे सुपारी लागण्याचं भावंड आहे. सुपारी लागते, ऊन लागतं (मे महिन्यातल्या त्या उन्हाळी लागण्याबद्दल न बोललेलंच बरं). बाहेरचं काहीतरी अंगाला सोसवत नाही, तेव्हा आपण ‘लागलं’ म्हणतो. उलटी ‘मी’ करतो, पण लागते ‘मला’, म्हणजे दोष गाडीचा! शरीरशास्त्र मात्र दोष कानाला देतं. आतल्या कानाला वळणं कळतात, गाडीतल्या बाकाकडे लागलेले डोळे म्हणतात सगळं स्थिर आहे, आणि ह्या भांडणात पोट ढवळतं. म्हणून खिडकीतून लांब बघायचं, पुस्तक उघडायचं नाही. वळण आधीच माहीत असलेल्या चालकाला सहसा काही होत नाही.

प्रतिसाद १ : एसटी स्टँड विसरलात! “फलाट क्रमांक ४ वर गाडी लागलेली आहे” असं ऐकलं की मी लहानपणी आईचा हात घट्ट धरायचे. अजून चढलोही नाही आणि लागली कशी?

प्रतिसाद २ : आमची आजी रत्नागिरीची. तिच्या तोंडी ‘बोट लागते’. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायची, एसटी तिने नंतर पाहिली. गंमत म्हणजे जयगडला ‘बोट लागली’ की तिला बोट लागायची थांबायची. आवळासुपारी मात्र शेवटपर्यंत कनवटीला.

प्रतिसाद ३ : दिल्लीच्या वसतिगृहात मी सरळ सांगून टाकलं, “मुझे बस लगती है.” मैत्रीण घाबरून म्हणाली, “कहाँ लगी?”

मूळ लेखक : आजींची बोट फार आवडली. वाटेत गाव लागतं, घाट लागतो, तेही ह्याच जातीचं. चालतो आपण, पण भाषेत गावच येऊन आपल्याला भिडतं. आणखी एक तिढा ‘लावणे’चा. फलाटाला गाडी लावली म्हणून ती लागली, इथे जोडी जमते. पण मळमळीच्या अर्थाने कुणी कुणाला गाडी ‘लावत’ नाही, ती आपली आपणच लागते. एसटी लागते, रेल्वे लागत नाही, असेही लोक आहेत. झोपाळा लागणारी तर माझी सख्खी मावशी.

काकांना मात्र दर मे महिन्यात कुंभार्लीच्या उतारावर एकदा तरी गाडी कडेला लावावी लागायची, मला लागली म्हणून.