फोकस्टोनच्या मुलींच्या ग्रामर स्कूलची प्रवेशपरीक्षा : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही दोन वर्षांपूर्वी सांगलीहून इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील फोकस्टोन या गावी आलो. माझे यजमान जवळच्या ॲशफर्डमधील विल्यम हार्वे रुग्णालयात नोकरीला आहेत. आमची मुलगी सध्या इयर फाइव्हमध्ये शिकते आणि येत्या सप्टेंबरमध्ये, इयर सिक्स (प्राथमिक शाळेचे शेवटचे वर्ष) सुरू होताच, तिला येथील कूलिंज लेनवरच्या ‘फोकस्टोन स्कूल फॉर गर्ल्स’ या शाळेसाठी प्रवेशपरीक्षा द्यायची आहे. या परीक्षेच्या तयारीबद्दल मला अनुभवी पालकांचा सल्ला हवा आहे.

भारतातील वाचकांसाठी थोडे सांगते. ही सरकारी अनुदानावर चालणारी शाळा असून तिला फी नाही, मात्र प्रवेश गुणवत्तेवर मिळतो. अशा ग्रामर स्कूल इंग्लंडमध्ये आता १६३च उरल्या आहेत आणि १९९८च्या कायद्याने नवी काढण्यास बंदी आहे. बहुतेक परगण्यांनी ही पद्धत १९६५नंतर हळूहळू सोडून दिली, आमच्या केंट परगण्याने मात्र ती आजतागायत टिकवली. येथील परीक्षेची, म्हणजे केंट टेस्टची, आखणीच अशी आहे की परगण्यातील साधारण चतुर्थांश मुले ग्रामर स्कूलसाठी पात्र ठरावीत. आमच्या गावात मुलांसाठी १६७४ साली स्थापन झालेली हार्वे ग्रामर आहे आणि मुलींसाठी ही शाळा.

मी स्वतः चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा दिली होती, त्यामुळे केंट टेस्टचा नमुना पाहिला तेव्हा त्यातला तर्काचा भाग ओळखीचा वाटला. आकृत्यांची मालिका, गटात न बसणारे पद, सांकेतिक भाषा, हे सारे आपल्या बुद्धिमत्ता चाचणीत असायचेच. पण आमच्या वेळी शिष्यवृत्ती मिळाली नाही तरी दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत, त्याच बाकावर जाऊन बसता येत होते. येथे दहा वर्षांच्या मुलीच्या एका सकाळच्या कामगिरीवर पुढची सात वर्षे ती कोणत्या शाळेत जाणार हे ठरते, आणि ही गोष्ट मला रात्री झोपू देत नाही.

माझ्या अडचणी अशा आहेत. मुलीचे गणित चांगले आहे. सांगलीत ती तिसरीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, त्यामुळे पाढे पक्के आहेत आणि शाब्दिक उदाहरणांची तिला भीती वाटत नाही. इंग्रजी ती आता सहज बोलते, परंतु उताऱ्यावरील प्रश्नांमध्ये आणि समानार्थी शब्दांमध्ये अडखळते, कारण तिच्या वर्गातल्या मुली जे शब्द लहानपणापासून घरी ऐकत आल्या ते तिच्या कानावरून गेलेलेच नाहीत. गणितातील गुणांनी इंग्रजीची उणीव भरून निघेल का? दुसरे असे की तिचा जन्म ऑगस्टअखेरचा आहे. परीक्षेच्या दिवशी तिला नुकतेच दहावे पूर्ण झालेले असेल, आणि त्याच वर्गातील एखाद्या मुलीला अकरावे पूर्ण झालेले असेल. जवळच्या एका शिकवणीत चौकशी केली, तेव्हा ‘सात महिने उरले आहेत, आता उशीर झाला’ असे त्यांनी मुलीसमोरच सांगितले. त्या दिवसापासून ती विचारते, की मग मी परीक्षा द्यायचीच कशाला?

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त छळते. घरी आम्ही मराठीच बोलतो. इंग्रजी सुधारावे म्हणून सात महिने घरातली मराठी बंद करावी, असे यजमानांच्या एका सहकाऱ्याने सुचवले आहे. आजीशी रोज फोनवर बोलणाऱ्या मुलीला हे कसे सांगायचे, आणि त्याचा खरोखर उपयोग होतो का?

आमच्या शेजारी एक नेपाळी कुटुंब राहते. शॉर्नक्लिफच्या छावणीत गुरखा पलटण असल्यामुळे येथे नेपाळी वस्ती बरीच आहे. त्यांची थोरली मुलगी याच शाळेत शिकते. केंट टेस्टखेरीज शेपवे टेस्ट नावाची वेगळी परीक्षाही असते, असे त्यांच्याकडून कळले. दोन्ही द्याव्यात की एकाच परीक्षेवर लक्ष द्यावे, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, आम्ही कँटरबरीला राहतो आणि माझ्या मुलीने तीन वर्षांपूर्वी केंट टेस्ट दिली. क्रमाने सांगण्याऐवजी सर्वांत महत्त्वाचे आधी सांगतो. गणिताने इंग्रजीची उणीव भरून निघत नाही. एकूण गुणांची अट असतेच, शिवाय इंग्रजी, गणित आणि तर्क या तिन्हींमध्ये स्वतंत्रपणे किमान गुण मिळवावे लागतात. म्हणून उरलेल्या वेळातला मोठा वाटा इंग्रजीला द्या.

वयाची चिंता मात्र सोडा. गुण वयानुसार समायोजित केले जातात, त्यामुळे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलीवर अन्याय होत नाही.

घरातली मराठी मुळीच बंद करू नका. आम्ही उलट केले. रोज रात्री इंग्रजी पुस्तकाची चार पाने मुलगी मोठ्याने वाचायची, अडलेला शब्द वहीत लिहायची आणि त्यासमोर मराठी शब्द, एक समानार्थी आणि एक विरुद्धार्थी शब्द लिहायची. ‘रिलक्टंट’समोर तिने ‘नाखूश’ लिहिले आणि तो शब्द पुन्हा कधी विसरली नाही. ज्या मुलीला एका भाषेत अर्थाच्या छटा कळतात तिला दुसऱ्या भाषेत त्या शिकवणे सोपे जाते, असा माझा ठाम अनुभव आहे.

शेपवे टेस्ट अवश्य द्या. तुमच्या शाळेसाठी दोहोंपैकी एकीत पात्र ठरले तरी चालते, म्हणजे मुलीला दुसरी संधी मिळते. फक्त शेपवेची पात्रता फोकस्टोनच्या दोन ग्रामर शाळांपुरतीच असते. डोव्हरची मुलींची ग्रामर किंवा आमच्याकडची सायमन लँग्टन ही मुलींची ग्रामर पर्याय म्हणून हवी असेल, तर शेपवे चालत नाही, केंट टेस्ट उपयोगी पडते. केंट टेस्टची नोंदणी जूनमध्ये सुरू होते. शेपवेची नोंदणी वेगळी करावी लागते, ती विसरू नका.

आणखी एक गोष्ट पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. परीक्षेत चाळीस मिनिटांचे लेखन असते. त्याला गुण नसतात, पण एखादे मूल थोडक्यात हुकले आणि प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्याचे नाव पुढे पाठवले, तर मुख्याध्यापकांची समिती ते लेखन आणि मुलाच्या शाळेतल्या वह्या पाहते. म्हणून रोजच्या वह्यांकडे लक्ष द्या आणि वर्गशिक्षिकेशी आत्ताच बोला. उत्तरपत्रिका वेगळी असते आणि तिच्यावर पेन्सिलीने खुणा करायच्या असतात, त्याचाही सराव हवा.

धागाकर्तीचे उत्तर

दादा, मनःपूर्वक आभार. किमान गुणांची अट मला ठाऊक नव्हती, आणि आम्ही नेमके गणितावरच विसंबलो होतो. शब्दांची वही आजच सुरू केली. पहिला शब्द मुलीनेच निवडला आणि त्याचा मराठी अर्थ आजीला फोन करून विचारला.

एक प्रश्न उरतो. सॉल्टवुडच्या ब्रॉकहिल शाळेत प्रवेशपरीक्षा नाही आणि त्या शाळेची स्वतःची शेती आहे. मुलीला जनावरांचा लळा असल्यामुळे तिला तीच शाळा आवडेल असे मला मनातून वाटते. निकाल ऑक्टोबरमध्ये लागतो आणि माध्यमिक शाळांचा पसंतीक्रम भरण्याची मुदत ३१ ऑक्टोबर आहे, म्हणजे मधले दिवस थोडेच आहेत. दोन्ही शाळा तिला परीक्षेआधीच दाखवाव्यात की निकाल लागल्यावर? आधी दाखवल्यास तिचे परीक्षेतले मन उडेल अशी भीती वाटते, आणि न दाखवल्यास तिची निवड आम्हीच केली असे होईल. ज्यांच्या मुली या वळणावरून गेल्या आहेत त्यांनी कृपया लिहावे.