वैद्यकाच्या इतिहासात पदव्युत्तर शिक्षण : एमबीबीएसनंतर सुरुवात कोठून करावी?

बंधपत्रातली डॉक्टर (प्रश्न)

नमस्कार. मी मूळची सोलापूरची. 2019 साली एमबीबीएसला प्रवेश मिळालेल्या तुकडीतली असून सध्या बंधपत्राचे (एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचे) वर्ष जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पूर्ण करीत आहे. आमचे केंद्र पालखीमार्गाजवळ असल्यामुळे आषाढीच्या सुमारास पाण्याचे नमुने घेणे, क्लोरिन तपासणे आणि जुलाबाच्या रुग्णांची रोजची नोंद वर पाठवणे यांतच दिवस जातो. यंदा त्या गडबडीत सत्तरी ओलांडलेल्या एका वारकरी आजींनी दंडावरचा व्रण दाखवून ही देवी काढल्याची (देवीच्या रोगाची लस टोचल्याची) खूण असल्याचे सांगितले. बोलता बोलता त्या असेही म्हणाल्या की त्यांच्या सासूबाई वारीला निघाल्या की पटकीची (कॉलऱ्याची) सुई टोचून घ्यावी लागू नये म्हणून मुद्दाम आडवाटेने पंढरपूर गाठत.

आम्हाला पटकीचा जंतू शिकवला, लस शिकवली, साथ आटोक्यात आणण्याचे टप्पेही शिकवले. परंतु सुई चुकवण्यासाठी चार कोस जास्त चालणाऱ्या त्या बाईंच्या मनात काय होते आणि ते कोठे नोंदले गेले असेल, हे विचारण्याची सोय आमच्या अभ्यासक्रमात कोठेच नव्हती. तेव्हापासून वैद्यकाच्या इतिहासात किंवा ज्याला मेडिकल ह्युमॅनिटीज म्हणतात त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, असा विचार मनात घोळतो आहे.

माझ्या शंका अशा. एमबीबीएस झालेल्या व्यक्तीला इतिहासाच्या एम.ए.ला प्रवेश मिळतो का? हा विषय भारतात शिकावा की परदेशात? आम्हाला एमबीबीएसमध्ये अ‍ॅटकॉम या नावाने संवाद आणि नीतिमूल्यांचे जे धडे होते, त्यांनाच मेडिकल ह्युमॅनिटीज म्हणतात का? वडिलांचे म्हणणे असे की आधी नीट-पीजी (एम.डी.सारख्या वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणाची प्रवेशपरीक्षा) द्यावी, इतिहास काय, निवृत्तीनंतरही वाचता येतो. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

साखर पेठ

मी इतिहास शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे वडिलांच्या शेवटच्या वाक्याबद्दल काही बोलत नाही.

प्रवेशाची अडचण आपल्याला वाटते तेवढी नाही. बहुतेक विद्यापीठांत इतिहासाच्या एम.ए.साठी कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि इग्नूचा दोन वर्षांचा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतो. खरी अडचण प्रवेशानंतर सुरू होते. डॉक्टर मंडळी इतिहासाकडे वळली की त्यांच्या हातून बहुधा दोन गोष्टी घडतात. एक तर ती थोर डॉक्टरांची चरित्रे लिहू लागतात. सोलापुरात वैद्यकाच्या इतिहासाचा विषय निघाला की बोलणे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेलेला आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच देह ठेवलेला हा आपल्या गावचा माणूस वंदनीय आहे, याबद्दल दुमत नाही; मात्र वंदन करणे आणि इतिहास लिहिणे ही कामे वेगळी आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या कागदांतल्या रोग्यांचे आजच्या पुस्तकावरून निदान करण्याचा मोह. अमुक राजाला नेमका कोणता विकार होता, हे ठरवण्यात कितीतरी डॉक्टरांची उमेद खर्ची पडली आहे. त्या काळच्या माणसांनी त्या दुखण्याला काय म्हटले, कोणाला दोष दिला, कोणाकडे धाव घेतली, हे विचारायला आपण शिकलात की निम्मे एम.ए. झाले असे समजा.

आता आपल्या आजींविषयी. त्यांनी आपल्याला किती मोठा विषय हाती दिला आहे, याची कदाचित आपल्याला कल्पना नसावी. 1866 साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने पटकीच्या प्रसाराचे खापर मोठ्या प्रमाणावर यात्रांवर फोडले आणि तेव्हापासून हिंदुस्थानातील प्रत्येक मोठी यात्रा सरकारच्या डोळ्यांत सलू लागली. 1893 पासून जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी येथे पटकीची लस टोचण्यास सुरुवात केली. त्यानंतर 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी साथरोग कायदा झाला. त्या कायद्याने सरकारला प्रवाशांना अडवून तपासण्याचे, वेगळे ठेवण्याचे अधिकार मिळाले. तो 1897चाच कायदा 2020 साली कोरोनाच्या वेळी पुन्हा बाहेर काढला गेला, हे आपण स्वतः पाहिलेच आहे. या सगळ्या व्यवहारात पंढरपूरचा वारकरी सरकारी दृष्टीने कधी साथीचा वाहक होता, तर कधी कराचा धनी. त्याच्या स्वतःच्या दृष्टीने तो कोण होता, हा आपला प्रश्न आहे.

कागद कोठे मिळतील? मुंबई इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरांचे, म्हणजे सार्वजनिक आरोग्य पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांचे, वार्षिक अहवाल पाहावेत. 1884 साली निघालेला सोलापूर जिल्ह्याचा गॅझेटियर, म्हणजे मालिकेतला विसावा खंड, पंढरपूरसाठी तर अवश्य वाचावा. देशी वृत्तपत्रांत काय छापून येते यावर सरकार नजर ठेवीत असे आणि त्याचे इंग्रजी गोषवारे तयार होत; त्यांत आपल्या सोलापूरच्या ‘कल्पतरू’चेही उतारे आढळतात. मुंबईच्या राज्य अभिलेखागारात आठवडाभर बसलात तर हा विषय आपल्याला झेपतो की नाही, हे आपले आपल्यालाच कळेल.

परदेशी गेलेला सोलापूरकर

मी औषधनिर्माणशास्त्राकडून या विषयाकडे आलो आणि इंग्लंडमध्ये एक वर्षाची पदव्युत्तर पदवी घेतली, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. वैद्यकाच्या इतिहासासाठी मँचेस्टर आणि ऑक्सफर्ड, तर मेडिकल ह्युमॅनिटीजसाठी लंडनचे किंग्ज कॉलेज आणि डरहॅम ही नावे प्रामुख्याने घेतली जातात. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सची वैद्यकेतिहासाची संस्था 1929 पासून आहे आणि तेथील एम.ए. घरबसल्या ऑनलाइनही करता येते. कोलंबिया विद्यापीठात नॅरेटिव्ह मेडिसिन या नावाने वेगळा अभ्यासक्रम चालतो. रुग्णाने सांगितलेली कहाणी डॉक्टरने कशी ऐकावी, हा त्याचा गाभा आहे. अ‍ॅटकॉमबद्दलच्या शंकेचे उत्तर यातूनच मिळावे. अ‍ॅटकॉमचा हेतू चांगला डॉक्टर घडवण्याचा आहे, तर मेडिकल ह्युमॅनिटीजमध्ये साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानवशास्त्र यांच्या नजरेतून वैद्यकाकडेच पाहिले जाते आणि ते पाहणे दर वेळी डॉक्टरांना सुखावणारे असेलच असे नाही.

शुल्क फार आहे, त्यामुळे शिष्यवृत्तीवाचून जाण्याचा विचार कृपया करू नये. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अर्ज वाचणारे मार्कांपेक्षा प्रश्न पाहतात, हे मी अनुभवाने सांगतो. ‘मला वैद्यकाच्या इतिहासाची आवड आहे’ असे लिहिणारे शेकडो असतात. ‘सुई टाळून आडवाटेने जाणारी वारकरी स्त्री सरकारी अहवालात कशी दिसते’ असे लिहिणारी आपण एकट्याच असाल.

आणखी एक गोष्ट, जी मला तेथे जाऊन उमगली आणि थोडी खजीलही करून गेली. मी लंडनला वैद्यकाच्या इतिहासाचा मोठा संग्रह असलेल्या वेलकमच्या ग्रंथालयात बसून जे वाचले, त्यातले पुष्कळसे सोलापुरात बसून वाचता आले असते. वेलकम संग्रहाचा मोठा भाग आता इंटरनेटवर विनामूल्य आहे आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश हिंदुस्थानातील वैद्यकीय अहवालांचा एक संग्रहच खुला केला आहे. तेव्हा आधी ते उघडून बघावे.

ओपीडी क्रमांक सात

मी जनवैद्यक (कम्युनिटी मेडिसिन) शाखेत एम.डी. केले आहे. येथे सगळेच प्रोत्साहन देत आहेत, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. ताई, तीन वर्षांच्या एम.डी.त विद्यावेतन मिळते, प्रबंध लिहावा लागतो आणि पुढे वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळू शकते. इतिहासाची एम.ए. करून आपल्याला डॉक्टर म्हणून कोणी नेमणार नाही आणि इतिहास विभागात नोकरी हवी असेल तर नेट ही अध्यापकपदाची पात्रता परीक्षा, पीएच.डी. आणि रिक्त जागांची प्रतीक्षा आहेच. वडिलांच्या काळजीला अशी हसण्यावारी नेऊ नये. दोन्हींचा मेळ घालायचा असेल, तर दिल्लीच्या जेएनयूतील सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ हे केंद्र जरूर पाहावे. तेथे डॉक्टर आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी एका वर्गात बसतात.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या आजी आपल्याकडे रुग्ण म्हणून आल्या होत्या. तपासणीच्या वेळी त्यांनी जे सांगितले, ते डॉक्टरला सांगितले, संशोधकाला नाही. उद्या ते आपल्या निबंधात आले, तर त्यांची संमती कोठे आहे असे कोणी विचारल्यास काय उत्तर द्याल?

मोडी वाचक

ओपीडी साहेबांचा दुसरा मुद्दा पूर्णपणे मान्य, पहिला निम्मा. मी बी.ए.एम.एस. आहे, सकाळी दवाखाना चालवतो आणि संध्याकाळी मोडी कागद वाचतो. दोन्ही कामे एकमेकांच्या आड आलेली नाहीत, फक्त उत्पन्न एकाचेच आहे.

साखर पेठ सरांनी दिलेली यादी उत्तम आहे, पण ती जवळजवळ सगळी इंग्रजीतली आहे, म्हणजे सरकारच्या नजरेची आहे. त्या अहवालांतले आकडे कसे तयार होत, हे आपण लक्षात घ्यावे. गावात कोणी मेले की नोंद गावकामगाराने, म्हणजे गावच्या सरकारी कारभाऱ्याने, करायची. तो काही वैद्य नव्हता, त्यामुळे पटकी किंवा देवीसारखा ठळक रोग नसला की बहुतेक मरणे ‘ताप’ या एका रकान्यात जाऊन पडत. 1918च्या एन्फ्लुएन्झाने हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक माणसे नेली असे मानले जाते आणि 1911 ते 1921 या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. तरी गावच्या नोंदीत आपल्याला तो रोग त्याच्या नावाने क्वचितच भेटेल. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी त्याला नाव दिले होते, मानमोडी. हा शब्द ठाऊक नसलेला संशोधक जुन्या पत्रांतून आणि आठवणींतून सरळ पुढे निघून जाईल. पटकीबरोबर मरीआई येते, देवीबरोबर शीतळा येते, प्लेगबरोबर गाठीचा ताप आणि गावाबाहेर शेतात घातलेल्या झोपड्या येतात. यातला प्रत्येक शब्द म्हणजे त्या रोगाविषयीची लोकांची एकेक समजूत आहे आणि ती इंग्रजी रकान्यात मावत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की विद्यापीठ निवडण्याआधी लिपी आणि भाषा निवडावी. मोडी शिकायला काही महिने पुरतात, पण हात बसायला वर्ष जाते. घसटीत (भरभर, अक्षरे जोडून) लिहिलेला कागद पहिल्यांदा समोर आला की सगळे विसरायला होते. सोलापुरात राहून हा अभ्यास करायचा तर तेलुगू आणि कन्नडही कानावरून जाऊ देऊ नये. 1877 साली येथे जुनी मिल उभी राहिली, मागोमाग इतर गिरण्या आल्या, पूर्व भागात पद्मशाली विणकरांची वस्ती वाढली, त्या घरांतल्या बायका विड्या वळू लागल्या. कापसाच्या धुळीने आणि तंबाखूच्या वासाने भरलेल्या त्या घरांत खोकल्याला काय म्हणत, कामावर जाता येत नाही हे कोणत्या दुखण्यापासून ठरत असे, याचा इतिहास तेलुगूत बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे आणि ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. मँचेस्टरला जायचे ते नंतरही जाता येईल. गिरणगावाचा माणूस गिरणगावालाच गेला, एवढेच होईल.

बंधपत्रातली डॉक्टर

सर्वांचे मनापासून आभार. संमतीचा मुद्दा वाचून मी खरोखर वरमले, कारण तो माझ्या लक्षातच आला नव्हता. रात्री स्कॉटलंडच्या ग्रंथालयाचे संकेतस्थळ उघडले आणि दोनच्या सुमारास बंद केले. ‘ताप’ हा रकाना पहिल्याच तक्त्यात दिसला, पण मोडी वाचकांनी लिहिले नसते तर मी त्यावरून तशीच पुढे गेले असते. तूर्त बंधपत्राचे वर्ष पूर्ण करणे, इग्नूच्या पुढच्या सत्रात एम.ए.ला नाव घालणे आणि मोडीचा वर्ग लावणे असे ठरवले आहे. नीट-पीजीचा अर्जही भरणार आहे, म्हणजे घरी शांतता राहील. निकाल काय लागेल ते तेव्हा पाहू. साखर पेठ सरांना एकच विचारायचे आहे. वारी आणि पटकीची लस एवढा विषय एम.ए.च्या प्रबंधाला फार मोठा होईल का?

साखर पेठ

फार मोठा होईल. एक यात्रा, दहा वर्षे, एवढेच घ्यावे आणि ती दहा वर्षे कोणती हे सासूबाईंच्या वयावरून ठरवावे. त्यासाठी आजींना पुन्हा भेटावे लागेल, या वेळी स्टेथोस्कोप घरी ठेवून, आपण कोण आणि कशासाठी विचारतो आहोत हे आधी सांगून. त्यांच्या गावापर्यंत दिंडीच्या प्रमुखांमार्फत पोहोचता येईल. केंद्राच्या नोंदवहीतून पत्ता काढू नये. कार्तिकी जवळ आली आहे, दिंड्या पुन्हा त्याच रस्त्याने येतील.