मदत हवी आहे: अंगावरून पांढरं जाणं आणि एचपीव्ही

ताईंनो, मी देवगडची. माझी जाऊ बंदरावर मासळी साफ करते, अंगावरून जायचं त्याला वास यायचा तर तिला वाटायचं मासळीचाच आहे, साडी दोनदोनदा धुवायची बिचारी, सहा महिने कोणाला बोलली नाही. आता डॉक्टरांनी बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनीतल्या जंतूंचं संतुलन बिघडणं) सांगून मेट्रोनिडाझोल हे जंतूंवरचं औषध ७ दिवस दिलंय. म्हणाल्या, योनीतले चांगले जंतू (लॅक्टोबॅसिलस) कमी होऊन पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, ४.५ च्या वर गेला की संबंधातून लागणारे व्हायरस, म्हणजे एचपीव्ही (ज्याने गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो), हर्पिस, एचआयव्ही लागायचा धोका वाढतो. म्हणजे व्हायरस झालाच असं नाही ना? घरात भलताच संशय नको. तिचं वय ३४, एचपीव्हीची टेस्ट आत्ता करायची की कोर्स संपल्यावर? सिंधुदुर्गात कोणी सरकारी दवाखान्यात करून घेतलीय का? प्लीज सांगा.