सीक्रेट 'गळतं' की 'फुटतं'?

होटगीरोडकर : आमच्या पाचजणांच्या ऑफिससाठी मराठीत एक पान लिहितोय. रिलीजच्या पाइपलाइनमध्ये, म्हणजे नवा कोड आपोआप तपासून लोकांपर्यंत पोचवणाऱ्या यंत्रणेत, टोकन (प्रोग्रामला आत सोडणारी अक्षरांची ओळ), पासवर्ड, म्हणजेच 'सीक्रेट्स', कसे सांभाळायचे, एवढंच. 'सीक्रेट'ला 'गुपित' लिहिलं तर पोरं म्हणाली, "काय बे, कुणाचं लफडं आहे?" आणि 'लीक'ला 'गळणे' लिहिलं की नळच आठवतो.

निवृत्त बाई : अरे, आपल्याकडे पेपर फुटतो, बिंग फुटतं, मग टोकनही फुटेल की. गळका नळ दुरुस्त होतो. फुटलेला पेपर परत गोळा करून उपयोग नसतो, नवाच काढावा लागतो.

पुण्यातला सोलापुरी : बाई, अगदी नेमकं! टोकन कमिटमध्ये, म्हणजे कोडच्या जतन केलेल्या नोंदीत, गेलं की पोरं पुढच्या कमिटमध्ये ते पुसतात आणि निवांत होतात. कोडचे सगळे बदल जपणाऱ्या गिटच्या इतिहासात ते तसंच असतं. मार्च 2025 मध्ये 'टीजे-अ‍ॅक्शन्स'च्या 'चेंज्ड-फाइल्स' या पाइपलाइनमध्ये जोडायच्या तयार तुकड्यात कुणीतरी घुसलं, जुने व्हर्जन टॅग (आवृत्तीच्या चिठ्ठ्या) घातक कोडकडे वळवले. 23 हजारांहून जास्त रेपॉझिटरी, म्हणजे कोडची कपाटं, ते वापरत होत्या. सीक्रेट्स लॉगमध्ये, म्हणजे पाइपलाइनच्या कामाच्या नोंदीत, छापली गेली, तीही दोनदा बेस64 या पद्धतीने अक्षरं बदलून, म्हणजे सीक्रेट्स चांदण्या (***) टाकून झाकणाऱ्या यंत्रणेला ओळखूच येऊ नयेत. टॅगऐवजी जुन्या कमिटचा पूर्ण हॅश, म्हणजे न बदलणारा ओळख-क्रमांक, लिहिणारे वाचले.

होटगीरोडकर : मग 'रोटेट'ला, म्हणजे जुनं सीक्रेट बाद करून नवं घेण्याला, 'किल्ली फिरवणे'?

निवृत्त बाई : छे! किल्ली फिरवली तर दारच उघडेल.

पुण्यातला सोलापुरी : 'कुलूप बदलणे' म्हणा. जानेवारी 2023 मध्ये पाइपलाइन चालवून देणाऱ्या सर्कलसीआय कंपनीने ग्राहकांना सगळी सीक्रेट्स बदलायला सांगितली, ती जुनी किल्ली कुठेच लागू नये म्हणूनच. नवं टोकन काढून जुनं चालू ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांनी फक्त दुसरी किल्ली करून घेतली. सीक्रेटला मी तरी 'किल्ली'च म्हणेन, 'परवलीचा शब्द' फार सरकारी वाटतो.

होटगीरोडकर : किल्ली पक्की. आणि ओआयडीसीवालं, म्हणजे साठवलेल्या पासवर्डऐवजी ओळख पटवून, जॉबपुरतं मिळणारं आणि थोड्या वेळाने आपोआप मरणारं टोकन?

निवृत्त बाई : फलाट तिकीट! दोन तासांचं असतं. मासिक पास हरवला तर महिनाभर घोर.

होटगीरोडकर : वा! पण पोरं लगेच विचारणार, फलाट तिकिटावर हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये चढून कुणी पुण्याला गेला तर?

पुण्यातला सोलापुरी : तिकीट फलाटाचंच आहे, टीसी उतरवेल. टोकनलाही तेवढीच परवानगी द्या. डिप्लॉय, म्हणजे कोड सर्व्हरवर चढवायचं काम, करायचंय ना? मग डेटाबेस पुसायचा हक्क कशाला दिलाय त्याला?