आवड हवीच, पण नजर शिकावी लागते

"मुलांची आवड असली की झालं, बालवाडीत शिकवायला कोर्स कशाला?" असं बरेचदा विचारलं जातं. मलाही तसंच वाटायचं. पहिला दणका बसला तो कोर्समधल्या निरीक्षणाच्या वहीत. बालवाडीतल्या एका मुलाबद्दल मी लिहिलं होतं, 'आज फार हट्टीपणा केला.' कोर्सच्या बाईंनी समास भरून विचारलं, "हे तुमचं मत झालं. दिसलं काय?" दुसऱ्या दिवशी नीट बघून लिहिलं: मनोरा तीनदा पडला, चौथ्यांदा मोठा ठोकळा तळाशी ठेवला, शेजारच्याने हात लावल्यावर त्याला ढकललं. हट्टी कसला, गडी तोल शोधत होता!

बालशिक्षणाची माँटेसरी पद्धत घडवणाऱ्या मारिया माँटेसरी मुळात डॉक्टर. १९०७ मध्ये रोममध्ये त्यांचं पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू झालं आणि त्यांची पद्धत उभी राहिली ती अशाच बारीक बघण्यातून.

बालविकास, भाषा, खेळ, प्रथमोपचार हे विषय बहुतेक अभ्यासक्रमांत असतातच. त्यामुळे प्रवेश घेताना एवढंच खोदून विचारा: प्रत्यक्ष वर्गात किती तास, आणि तिथे तुमचं काम बघायला कोणी अनुभवी माणूस येतं का? नुसते व्हिडिओ बघून मिळालेलं प्रमाणपत्र पहिल्या रडारडीलाच गळून पडतं.

आणखी एक, वयोगट आधी ठरवा. बालशिक्षणात जन्मापासून आठ वर्षांपर्यंतचा काळ धरतात, पण तान्ह्यांसोबतचं काम आणि पाच वर्षांच्यांचा वर्ग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. (जमिनीवर बसायची सवय मात्र दोन्हीकडे लागते. माझे गुडघे अजून कुरकुरतात.)