मदत हवी आहे: गिटारच्या पेडलवरून नाट्यसंगीतातील ऑर्गनचा स्वर कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

मी अंबाजोगाईचा आहे. आमचा हौशी गायक-वादकांचा गट नाट्यगीतांचे कार्यक्रम करतो. साथीला असलेली पायपेटी, म्हणजे पायाने भाता चालवायचा ऑर्गन, गेल्या उन्हाळ्यात बंद पडली. कोरड्या हवेने भात्याचे चामडे तडकले आणि आता भाता हवा धरत नाही. ती वाजवणारे काकाही मुलाकडे पुण्याला राहायला गेले. कीबोर्डवर हात बसलेले दुसरे कोणी गटात नसल्यामुळे, दिवाळीनंतरच्या कार्यक्रमात मी इलेक्ट्रिक गिटारवरून ऑर्गनची साथ करावी, असे ठरले आहे.

त्यासाठी एका मित्राने इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचे बी-९ हे पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाशी ठेवायची पेटी) वापरायला दिले आहे. २०१४ मध्ये आलेल्या या पेडलला वेगळा पिकअप (तारेचे कंपन विद्युत संकेतात बदलणारा भाग) किंवा मिडी (वाद्ये जोडण्याची डिजिटल संकेतपद्धती) लागत नाही. नेहमीची गिटार थेट जोडता येते आणि एका वेळी अनेक स्वर वाजवले तरी ते सगळे ओळखते. त्यात ऑर्गनचे नऊ प्रकार असून मूळ गिटारचा आवाज, ऑर्गनचा आवाज, मॉड्युलेशन (आवाजाची थरथर) आणि क्लिक (कळ दाबल्याचा ‘टक्’ आवाज) यांसाठी चार बटणे आहेत. पेडल उत्तम आहे, यात शंका नाही. अडचण अशी आहे की, त्याचा रोख प्रामुख्याने हॅमंड ऑर्गनकडे आहे आणि आमच्या कानात बसलेला ऑर्गन तो नव्हे.

लॉरेन्स हॅमंड यांचा १९३५ चा ऑर्गन फिरत्या धातूच्या चक्रांपासून जवळजवळ शुद्ध, गोल स्वर निर्माण करतो आणि ड्रॉबारच्या (ओढून मागे-पुढे करायच्या पट्ट्यांच्या) साहाय्याने मूळ स्वर, सप्तके, पंचम आणि वरचे स्वरांश (मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर) हव्या त्या प्रमाणात मिसळतो. त्याला कळ दाबतानाचा ‘टक्’ असा आवाज आणि लेस्ली स्पीकरमधील फिरत्या कर्ण्याची थरथर जोडली की, चर्चमधील गॉस्पेल किंवा जॅझ संगीत डोळ्यांसमोर उभे राहते. बालगंधर्वांच्या काळापासून नाट्यसंगीतात रुळलेल्या ऑर्गनमध्ये मात्र पितळी पत्ती हवेने कंप पावते. तिच्या स्वरात वरचे स्वरांश मुळातच भरपूर असतात, सुरुवात ‘टक्’ अशी न होता स्वर हळूच उमलतो आणि पायाच्या दाबाबरोबर तो किंचित फुगतो व ओसरतो. तो गायकाच्या स्वराला मागून आधार देतो. पुढे येऊन चमकत नाही. मला हा स्वभाव हवा आहे.

आतापर्यंत मी मूळ गिटारचा आवाज आणि क्लिक पूर्ण बंद ठेवले आहेत, मानेकडचा पिकअप निवडला आहे आणि मिजराफीऐवजी अंगठ्याच्या मांसल भागाने तार छेडतो आहे. त्यामुळे सुरुवातीचा ठोका बराच सौम्य झाला. तरीही तीन गोष्टी सुटत नाहीत. पहिली अशी की, तारेचा आवाज विरतो तसा पेडलमधला ऑर्गनही विरतो. गायिका षड्जावर थांबल्या असताना मला तार पुन्हा छेडावी लागते आणि ते लगेच कानाला खटकते. दुसरी, आवाजातला गोलपणा जाऊन पत्तीची धार कशी यावी? तिसरी गोष्ट तंत्रापेक्षा औचित्याची आहे: तार खेचली की पेडलमधून ऑर्गनची चक्क मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे) निघते. खऱ्या ऑर्गनवर ती अशक्य असल्यामुळे मी ती कटाक्षाने टाळतो, परंतु गटात याविषयी मतभेद आहेत. गायिकांची पट्टी काळी चार आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (लातूरहून):

नमस्कार दादा. मी लातुरात ध्वनिव्यवस्थेचे काम करतो आणि गिटारही वाजवतो. आपण फरक अगदी नेमका मांडला आहे.

स्वर टिकवण्यासाठी बी-९ च्या आधी कॉम्प्रेसर हे पेडल लावा. तो सुरुवातीचा ठोका दाबतो आणि विरत जाणारा भाग वर उचलतो, त्यामुळे स्वर लांबतो. मात्र त्याबरोबर गिटारची गुणगुणही वर येते. सभागृहात दिव्यांचे डिमर असतील तर सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपचा हा त्रास हमखास होतो, म्हणून शक्य असल्यास हंबकरची (गुणगुण कमी करणाऱ्या दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपची) गिटार घ्या. कॉम्प्रेसरइतकेच महत्त्वाचे म्हणजे पायाने चालवायचे व्हॉल्यूम पेडल, आणि ते बी-९ च्या नंतर जोडा. तार छेडताना पाय मागे घ्यायचा, मग हळूहळू पुढे न्यायचा, आणि स्वर विरू लागला की आणखी पुढे. पायपेटीच्या भात्याचे काम तुमचा पाय असे करू लागेल.

पत्तीच्या धारेसाठी मी सौम्य ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित फाडून वरचे स्वरांश वाढवणारे पेडल) सुचवतो. तो बी-९ आणि व्हॉल्यूम पेडल यांच्या मध्ये ठेवा, म्हणजे आवाज कमी-जास्त करताना धार बदलणार नाही. एकाच वेळी तीन-चार स्वर वाजवले तर ओव्हरड्राइव्हमध्ये ते एकमेकांत मिसळून गढूळ होतात. परंतु नाट्यगीताच्या साथीत आपण बहुतेक वेळ एकच स्वर किंवा त्याचे सप्तक वाजवतो आणि तिथे वाढलेले स्वरांश सुरातच राहतात. प्रकारांपैकी ‘कॉन्टिनेन्टल’ लावून पाहा. तो ट्रान्झिस्टरवरच्या जुन्या ऑर्गनवर बेतलेला असल्यामुळे त्याला थोडा नाकातला आवाज आहे. मॉड्युलेशनचा वेग अगदी कमी ठेवा.

काळी चारचा मध्य षड्ज चौथ्या तारेच्या सहाव्या पडद्यावर मिळतो. तिथून वर वाजवा. खर्जाच्या स्वरांची लहर लांब असल्यामुळे ते ओळखायला पेडलला वेळ लागतो आणि साथ मागे पडल्यासारखी वाटते. गिटारच्या ॲम्प्लिफायरऐवजी डीआय बॉक्समधून (वाद्याचा संकेत मिक्सरला जुळवून देणाऱ्या पेटीतून) थेट मिक्सरला जोडणी दिलीत तर वरची धार शाबूत राहील, कारण गिटारचे स्पीकर तीव्र कंपने बरीच कापतात.

मींडेबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गनबरोबर सारंगीही असे आणि गळ्याची मींड तीच उचलत असे. तुमच्या गटात सारंगी किंवा व्हायोलिन नसेल, तर एखाद्या ठिकाणी हलकी मींड घेतल्याने बिघडणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता:

मनःपूर्वक आभार. आमच्याकडे व्हायोलिन आहे, त्यामुळे मींड त्यांच्याकडेच राहील आणि मी पुढचा स्वर धरून थांबेन. व्हॉल्यूम पेडल शेवटी ठेवण्याचा विचार मला सुचला नव्हता. उद्याच्या तालमीत तसेच करून पाहतो. एक शंका उरली आहे. आमच्याकडे संध्याकाळी वीजदाब फार खाली-वर होतो. बी-९ सोबत ९.६ व्होल्टचा अडॅप्टर आला आहे, तर कॉम्प्रेसर व ओव्हरड्राइव्ह ९ व्होल्टचे आहेत. तिन्ही पेडले एकाच अडॅप्टरवरून साखळीने जोडावीत, की गुणगुण टाळण्यासाठी प्रत्येकाचा पुरवठा वेगळा ठेवावा?