खाणीचा भूजलावरचा परिणाम बघायला खाणीशेजारच्या बावी (विहिरी) मोजायच्या, की वेगळी निरीक्षण-बोअर मारायची? टोपणनावांनी तिघांची चर्चा

कातळसडा: भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ४ वेळा घेते: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. जिल्ह्याच्या आढाव्याला ते पुरतं. पण सिंधुदुर्गातल्या कळणे, रेडीसारख्या लोहखनिजाच्या खाणींच्या गावात खाणीचा खड्डा उपसायला लागले की पातळी काही आठवड्यांतच खाली जाऊ शकते; मार्च आणि मे यांच्या मधलं काहीच कागदावर येत नाही. खाणीच्या १ किलोमीटर आतल्या १० बावी गावानेच दर सोमवारी मोजाव्यात, सकाळी पंप लावायच्या आधी. कठड्यावर रंगाची एक खूण करा, टेप कायम तिथूनच सोडा, कठड्याची उंची वजा करा. टेपच्या टोकाला खडू घासला की ओली रेघ नीट दिसते.

पाणंद: हे पटत नाही. २ मीटर व्यासाच्या बावीतून १,००० लिटर काढले की पातळी ३२ सेंटीमीटर उतरते. आदल्या रात्री उशिरा पंप चालला असेल तर सकाळचा आकडाही फसवा. दुसरं, आपल्या बावी जांभ्यात असतात. खाली चिकणमातीचा थर, आणि खड्डा त्याच्याही खाली जातो. खालचं पाणी ओढलं गेलं तरी वरची बाव काही काळ तशीच भरलेली राहू शकते, आणि मग खाणीने काही बिघडलं नाही याचा पुरावा म्हणून तीच दाखवतात! एका जागी दोन पिझोमीटर (एकाच थरातल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या अरुंद बोअर) हवेत: एक जांभ्यात थांबणारा, दुसरा मातीच्या थराखाली. भोकांचा पाइप तेवढ्याच थरापुरता, भोवती धुतलेली बारीक खडी, वर बेंटोनाइटचा (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीचा) बूच. बूच कच्चा राहिला तर वरचं पाणी पाइपच्या बाहेरून खाली झिरपतं आणि खोल पिझोमीटरचा आकडा बिघडतो. आत दर ६ तासांनी पाण्याच्या दाबावरून पातळीची आपोआप नोंद घेणारा लॉगर.

कातळसडा: दोन थरांचं मान्य. पण लोक पितात ते बावीचं पाणी. ती यादीतून काढता येणार नाही. आणि लॉगरवर डोळे मिटून विसंबू नका. साधा लॉगर पाण्यासोबत हवेचाही दाब मोजतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कल घटला की पाणी सुमारे १ सेंटीमीटर उतरल्यासारखं दिसतं, आणि पावसाळ्यात दाब हिवाळ्यापेक्षा कमीच असतो. हवेत वेगळा दाबमापक ठेवून तो वजा करावा लागतो. महिन्याला टेपने पडताळाही घ्यावा लागतो.

खाडीकाठ: दोघेही पातळीवरच थांबलात. जांभ्यातलं पाणी मुळातच किंचित आम्ल असतं, त्यात लोहही सापडतं. नुसतं ‘लोह आहे’ म्हणून खाणीवर बोट ठेवता येत नाही. त्यात नमुना घेतानाच घोटाळा होतो. गढूळ पाण्यात थेट नायट्रिक आम्ल टाकलं की तरंगणारी लाल मातीही विरघळते आणि लोह फुगून येतं. दोन बाटल्या भरा: एक ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून मग आम्ल घातलेली, दुसरी न गाळता आम्ल घातलेली. पहिलीत विरघळलेलं लोह कळतं, दुसरीत मातीसकटचं. सामू (pH) जागेवरच मोजा, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो बदलतो. मँगनीज जरूर तपासा. भारतीय मानकात मर्यादा ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा स्रोत नसेल तर ०.३. रेडीसारख्या किनाऱ्यालगतच्या गावात क्लोराइड आणि विद्युतवाहकता दर महिन्याला हवी, कारण खड्डा समुद्रसपाटीखाली गेला की खारं पाणी आत सरकण्याचा धोका असतो.

पाणंद: नमुन्याचं बरोबर आहे. बावी ठेवायच्याच असतील तर खाणीच्या प्रभावाबाहेरची, त्याच जांभ्यातली एक बावही सोबत मोजा. उन्हाळ्यात पातळी सगळीकडेच उतरते. तुलनेशिवाय खाणीचा वाटा वेगळा काढता येत नाही. आणि खड्ड्यातला पंप रोज किती तास चालला, ताशी किती उपसा, पाणी कुठल्या व्हाळात (ओढ्यात) सोडलं, ही नोंदवही ग्रामपंचायतीने लेखी मागावी.